बदकांचे पाणी

शिकारीचे नाव काढले, की मेलेल्या वाघावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या एखाद्या संस्थानिकाचे पिवळे पडलेले छायाचित्र डोळ्यांपुढे येते. बदकांच्या शिकारीचेही तसेच एक चित्र आपल्या देशाच्या इतिहासात आहे. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुणेमंडळींनी ४,२७३ पक्षी पाडले. हा आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. तरुणपणी आम्ही तो फलक वाचला आणि एवढ्या पक्ष्यांचे पुढे काय केले असेल, हा प्रश्न मनात घेऊन परतलो. त्याचे उत्तर फलकावर नव्हते.

त्याहून लहान, पण आमच्या डोळ्यांदेखतचे एक चित्र वसईच्या खाडीकाठचे आहे. आमच्या बालपणी थंडीच्या दिवसांत मिठागरांवर बदकांचे थवे उतरत आणि रविवारी पहाटेच्या गाडीने मुंबईचे काही हौशी बंदूकवाले येत. पडलेला पक्षी चिखलातून आणून देणे हे आम्हां पोरांचे काम. पक्ष्यामागे चार आणे मिळत. उथळ पाण्यात पडलेला पक्षी आम्ही आणीत असू. परंतु जो पंखात छर्रा घेऊन तिवरांच्या दाटीत शिरला, तो कोणाचाच नसे. दुसऱ्या दिवशी खेकडे पकडावयास गेलो, की असा एखादा पक्षी मुळांच्या जाळ्यात मरून पडलेला दिसे. त्याचा हिशेब कोणत्याही वहीत होत नसे.

ही दोन चित्रे मनात असताना २०२३ च्या डिसेंबरात आम्ही कॅलिफोर्नियात एका बालमित्राकडे उतरलो होतो. आमच्याच आळीतला हा गृहस्थ गेली तीस वर्षे सॅक्रामेंटो शहरात नोकरी करून स्थायिक झालेला आहे. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “शनिवार-रविवार बदकांवर जायचे ठरले आहे. तूही चल.” आम्ही नकारार्थी मान हलविली. त्यावर तो हसून म्हणाला, “अरे, बंदूक तुझ्या हाती कोण देतो? परवान्यावाचून देताच येत नाही. तू नुसता बस आणि पाहा. आणि निदान त्या कुत्रीला तरी भेट!” कुत्रीच्या नावावर आम्ही राजी झालो, असे म्हणावयास हरकत नाही.

सॅक्रामेंटोच्या उत्तरेस तासाभराच्या अंतरावर ग्रिडली गावाच्या आसपास जो प्रदेश लागतो, तो पाहून वसईच्या माणसास घरी आल्यासारखे वाटावे. दूरवर सटर ब्यूट्स नावाचे एकाकी डोंगर. बाकी दृष्टी पोहोचेल तेथवर भातशेती. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात सुमारे पाच लाख एकरांवर भात होतो. तेथे आवण नाही, लावणी नाही. शेतात पाणी भरतात आणि भिजविलेले बी विमानातून फेकतात. बांध मात्र आपल्यासारखेच, जमिनीच्या उताराला धरून वाकडेतिकडे गेलेले. पूर्वी कापणी झाली, की उरलेला पेंढा व धसकटे शेतातच जाळीत. आपण राब भाजतो तसा मर्यादित जाळ नव्हे. सारे खोरे धुराने कोंदून जाई. लोकांची तक्रार वाढली आणि १९९१ साली तेथील राज्याने कायदा करून हे जाळणे टप्प्याटप्प्याने आटोक्यात आणले. आता पेंढ्याचे करावयाचे काय? शेतकऱ्यांनी हिवाळ्यात शेतांत पुन्हा पाणी सोडले, म्हणजे पेंढा कुजतो. आणि पाणी दिसताच आकाशातून बदके उतरली. सांडलेले दाणे व पाण्यातील किडे ती खातात, पायांनी धसकटे तुडवितात, त्यामुळे पेंढा लवकर कुजतो. या मध्य खोऱ्यातील मूळच्या पाणथळींपैकी ९० टक्क्यांहून अधिक केव्हाच नाहीशा झाल्या आहेत. अलास्का आणि कॅनडाहून येणाऱ्या लक्षावधी पक्ष्यांचा हिवाळा आता मोठ्या प्रमाणात या शेतांतील पाण्यावरच निभावतो.

ज्यांच्या शेतावर आम्ही गेलो, ते पंचाहत्तरीचे भातशेतकरी. आमच्या मित्राचे ते जुने स्नेही. तिसरे गडी युबा सिटीचे एक सरदारजी. त्यांचे पणजोबा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पंजाबातून येऊन याच खोऱ्यात मजुरीस राहिले. आता नातवंडांच्या पिच आणि अक्रोडाच्या बागा आहेत. शुक्रवारी रात्री म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात चौघे बसलो. टेबलाखाली काळीभोर लॅब्राडोर कुत्री मॉली आमच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. वय नऊ वर्षे, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले.

त्या रात्री बंदुकांपेक्षा कागदपत्रांचीच चर्चा अधिक झाली. म्हाताऱ्यांनी पाकिटातून तिकिटाएवढा एक रंगीत कागद काढून आमच्या हाती दिला. हे ‘डक स्टॅम्प’. सोळा वर्षांवरील प्रत्येक बदकशिकाऱ्याला ते दर वर्षी विकत घ्यावेच लागते. दुष्काळात तळी आटून बदके झपाट्याने घटली, तेव्हा १९३४ साली अमेरिकेने ही योजना काढली. पहिल्या तिकिटाचे चित्र डिंग डार्लिंग या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराने काढले व किंमत एक डॉलर होती. आता पंचवीस डॉलर आहे. त्यातील जवळजवळ सर्व पैसा पाणथळ जमिनी विकत घेण्यास वा कायमच्या राखण्यास जातो. आजवर साठ लाख एकरांच्या आसपास भूमी अशी राखली गेली आहे. याखेरीज १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसाही वन्यजीवांसाठीच वेगळा काढला जातो.

मग नियम. एका माणसाने दिवसाला सातच बदके मारावयाची. त्यांत मॅलर्ड जातीच्या माद्या दोहोंपेक्षा अधिक नकोत. पिनटेल, ज्याला आपण तलवार बदक म्हणतो, ते त्या हंगामात माणशी एकच. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्त एवढीच वेळ. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे. छर्रे शिशाचे चालत नाहीत. कारण चिखलात पडलेले शिसे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे साऱ्या देशात बंद आहे. मारलेले रानबदक विकता येत नाही. खावे किंवा कोणास द्यावे. “आणि सर्वांत मोठा नियम या टेबलाखाली झोपला आहे,” म्हातारे म्हणाले. त्याचा अर्थ आम्हांला दुसऱ्या दिवशी उमगला.

पहाटे साडेचारला निघालो. त्या खोऱ्यात हिवाळ्यात ‘ट्युली’ नावाचे दाट धुके पडते. मोटारीच्या दिव्यांपुढे दोन हातांवरचे दिसत नव्हते. छातीपर्यंत येणारे रबरी पोशाख चढवून आम्ही गुडघाभर पाण्यातून बांधाबांधाने चालू लागलो. एका बांधात माणूस खांद्यापर्यंत बुडेल अशी पेटी पुरून वर पेंढ्याचे झाकण केलेले होते. तिच्यात बाकावर आम्ही चौघे ओळीने बसलो. समोरच्या पाण्यात मित्राने साठ-सत्तर प्लॅस्टिकची फसवी बदके सोडली. ही युक्ती गोऱ्या माणसाची नव्हे. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली, पिसे लावलेली अकरा फसवी बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ज्यांनी ती विणली, त्यांच्या वंशजांच्या वाट्याला या खोऱ्यात काय आले, हा वेगळाच विषय आहे.

पेटीच्या कडेला मॉलीची स्वतंत्र फळी होती. अंगात रबरी बंडी घालून ती तिच्यावर बसली, आणि आदल्या रात्री लाडे लाडे पोट खाजवून घेणारी ही तीच का, असा प्रश्न आम्हांला पडला. कान किंचित पुढे, नजर धुक्यात. तिच्या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रात जाळ्यांतून निसटलेली मासळी तोंडाने धरून आणीत. तेथून ती विलायतेला गेली व १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने तिला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. दुहेरी केसाळ कातडे, वल्ह्यासारखी जाड शेपटी, बोटांमध्ये पडदा. पण खरा गुण तिच्या तोंडात. ज्या जबड्याने हाड फुटते, त्याच जबड्यात पक्षी धरून ती असा आणते, की पिसाला ओरखडा नाही.

तिचे शिक्षण तीन वर्षे चालले होते, असे म्हाताऱ्यांनी हळूच सांगितले. त्यांतले सर्वांत अवघड म्हणजे न धावणे. बंदूक वाजली, पक्षी पडला, तरी नाव घेऊन सोडल्याखेरीज जागचे हलावयाचे नाही. किती पक्षी पडले व कोठे पडले, हे तिने बसल्या जागेवरून पाहून स्मरणात ठेवावयाचे. जो तिला दिसला नाही, त्याच्याकडे मालकाने शिट्टी व हात यांच्या खुणांनी तिला न्यावयाचे.

उजाडता उजाडता वरून पंखांची सळसळ ऐकू येऊ लागली. धुक्याच्या छताआड कलहंसांचे थवे बोलत जात होते. साऱ्या गावाची जत्रा डोक्यावरून चालली आहे, असा तो कोलाहल. सरदारजींनी शिट्टी ओठांस लावून बदकांची बोली काढली. चार मॅलर्ड वळले, पंख वाकवून, पाय पुढे करून उतरू लागले. बंदुका वाजल्या. दोन नर पडले. आमच्या छातीत धस्स झाले, हे सांगितलेच पाहिजे. क्षणापूर्वी जे हिरवे मस्तक प्रकाशात चमकत होते, ते आता पाण्यावर पालथे तरंगत होते. म्हाताऱ्यांनी “मॉली” एवढेच म्हटले. ती झेपावली, एक आणला, हातात ठेवला, वळली, दुसरा आणला.

आठच्या सुमारास आमच्या मित्राच्या गोळीने एक तलवार बदक डगमगले, पडले नाही. तिरके होत बांधापलीकडे धुक्यात उतरले. मॉलीला ते दिसले नव्हते. म्हातारे पेटीतून वर आले, हाताने दिशा दाखविली, ती गेली. एक शिट्टी, ती थांबून वळून पाहते. हात डावीकडे, ती डावीकडे. मग धुक्याने तिला गिळले.

या अवधीत डोक्यावरून दोन थवे गेले, अगदी टप्प्यात. मित्राचा हात सवयीने बंदुकीकडे गेला, तोच म्हातारे म्हणाले, “नाही. एक पक्षी तिकडे आपल्या नावावर पडला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरी गोळी नाही.” पाच मिनिटे झाली, दहा झाली. पाणी बर्फासारखे गार, कुत्री म्हातारी. ते बांधावर उभे राहून थोड्या थोड्या वेळाने शिट्टी वाजवीत होते, आणि त्या शिट्टीत आता आज्ञा उरली नव्हती. कुठे आहेस, एवढीच विचारणा होती. सरदारजी काही न बोलता पाण्यात उतरून त्या दिशेने चालू लागले.

वीस मिनिटांनी पाण्याचा आवाज आला. आधी सरदारजींची उंच आकृती, आणि तिच्या पुढे एक काळे डोके. तोंडात पक्षी जिवंत होता. मान वर करून तो आमच्याकडे पाहत होता. म्हाताऱ्यांनी तो हळूच घेतला, पाठ वळविली आणि एका झटक्यात त्याचे दुःख संपविले. मग टोपी काढून तिने कुत्रीचे तोंड पुसले. कोणी शाबासकीचे मोठ्याने बोलले नाही. तिवरांच्या मुळांत अडकलेले ते पक्षी आम्हांला त्या क्षणी आठवले. आमच्या खाडीवर बंदुका होत्या, पोरे होती, चार आणे होते. हरवलेल्या पक्ष्यासाठी थांबणारे कोणी नव्हते. जखमी पक्षी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे तेथे कायद्यानेही बंधनकारक आहे. पण धुक्यात कायदा पाहावयास येत नाही. तेथे कुत्री जाते आणि मालक तिची वाट पाहतो.

दिवसाअखेर तिघांत मिळून अकरा पक्षी झाले. ओळख पटावी म्हणून वाहून नेताना एक पंख किंवा डोके पक्ष्यास तसेच ठेवावे लागते. घरी पोहोचल्यावर मागच्या अंगणात पिसे काढण्याचा कार्यक्रम झाला. म्हाताऱ्यांना तव्यावर नुसते मीठ-मिरी लावून भाजलेले बदक आवडते. पण आमच्या वहिनींनी त्या दिवशी सर्वांना जेवावयास बोलाविले होते आणि मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत करतात तसे बदकाचे मोईल केले होते: कांदा, आले, लसूण, शिरका आणि गावाहून आणलेला बाटलीमसाला. रानबदकाचे मांस काळसर, चरबी कमी, चव थोडी उग्र; शिरक्याने ते नरमले. जेवताना आमच्या दाताखाली एक पोलादी छर्रा आला. ताटाच्या कडेवर ठेवला तर टक्क असा आवाज झाला. बाजारातून सोललेली कोंबडी आणून खाणाऱ्या आम्हांला असा आवाज कधी ऐकू येत नाही. घास काय किमतीचा आहे, हे त्या टक्क आवाजाने सांगितले.

रविवारी धुके विरळ होते आणि थंडी अधिक. नऊच्या आत तिघांचेही एकेक तलवार बदक झाले होते. त्यानंतर जे घडले, ते आमच्या मते त्या दोन दिवसांचे सार होते. उत्तरेकडून तीसेक तलवार बदकांचा थवा आला. लांब माना, सुईसारख्या शेपट्या, पांढरे शुभ्र गळे. त्यांनी दोन घिरट्या घातल्या, आणि सारा थवा पंख रोखून आमच्या समोर, पंधरा पावलांवर, त्या प्लॅस्टिकच्या भावंडांत उतरला. बंदुका भरलेल्या होत्या. कोणी हलले नाही. नरांची ती बारीक शीळ स्पष्ट ऐकू येत होती. मॉली थरथरत होती. एकदा पक्ष्यांकडे, एकदा मालकाकडे पाहत होती. म्हाताऱ्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. दोन-तीन मिनिटे असेच गेले. मग पक्ष्यांना शंका आली व एकदम उठून ते सूर्याकडे निघून गेले. आमचा मित्र कुजबुजला, “यासाठी येतो मी.” सरदारजी हसले आणि थर्मासमधला चहा ओतू लागले.

मारणाऱ्याचेच हात राखतात, हे ऐकावयास विचित्र वाटते, आणि आमच्या मनातील अस्वस्थता या दोन दिवसांनी पुसली गेली, असेही नाही. त्या पक्ष्याची वर केलेली मान अजून आठवते. याच अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बदके पिंपे भरभरून मारली जात. १९१८ च्या कायद्याने तो व्यापार थांबविला, तोवर लॅब्राडोर बदक नावाची जात जगातून गेलीही होती. आपल्याकडे गुलाबी डोक्याचे बदक १९३५ साली बिहारात दरभंग्याच्या परिसरात शेवटचे खात्रीने दिसले. माणसाच्या हातात बंदूक आणि मनात मोजमाप नसले, म्हणजे काय होते, याचे हे पुरावे आहेत. म्हणून आपल्या देशाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही थांबविली, हे योग्यच झाले, असे आम्ही मानतो. भरतपूरचे ते शिकारीचे तळे आज राष्ट्रीय उद्यान आहे.

परंतु बदकाला मारण्यास बंदूकच लागते, असे नाही. त्याचे पाणी काढून घेतले, तरी पुरते. आमच्या बालपणीच्या त्या मिठागरांपैकी काहींवर भरणी झाली, काहींवर इमारती उभ्या राहिल्या. भाताच्या खाचरांत डेब्रिजचे ढिगारे आले. गोळीचा आवाज नाही, रक्ताचा थेंब नाही. थवे मात्र विरळ झाले. शिकारी गेला, त्याबरोबर दर हिवाळ्यात बदकांची वाट पाहणारा एक माणूसही गेला, आणि त्याची जागा घेण्यास आपण कोणाला नेमले नाही. तेथे तिकीट घेणारा शिकारी बदकांच्या पाण्याचे पैसे भरतो. येथे ते पाणी कोणाच्याच खर्चाच्या बाजूला मांडलेले नसते. सर्वच काही निराशाजनक आहे, असे नव्हे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली आणि ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. पण बदक यादी वाचून उतरत नाही. ते गावचे तळे, खाजण, पाणी साचलेले शेत पाहून उतरते.

सायबेरियाकडून आपल्याकडे येणारे तलवार बदक आणि अलास्काहून त्या भातशेतात उतरणारे तलवार बदक, ही एकच जात आहे. थापट्याही दोन्हीकडे तोच. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यात कोणीही भाग घेऊ शकतो. वाचकांपैकी ज्यांच्या गावाजवळ एखादे तळे वा खाजण अजून शिल्लक असेल, त्यांनी या थंडीत एखाद्या रविवारी पहाटे तेथे जाऊन बसावे, आणि किती पक्षी उतरले, ते वहीत मांडून ठेवावे. बंदूक नको, परवाना नको. पुढच्या वर्षी त्या जागेवर मातीचा पहिला ट्रक येईल, तेव्हा येथे इतकी बदके उतरत होती, असे सांगणारा एक तरी माणूस त्या गावात असेल.